नवा गडी, जुनं राज्य

तीनशे सोन्याची नाणी. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या खेळात समोरच्या बाजूचा एक गडी मारला की साधारण एवढी बक्षिसी मिळते, आणि तो सामन्यातला पहिलाच बळी असेल तर चारशे. नाणी घेऊन मारणारा आपल्या तळावर जातो, चांगलं हत्यार विकत घेतो आणि आधीपेक्षा जबर होऊन परततो. म्हणजे पाच विरुद्ध पाचच्या या खेळात नवखा गडी मरतो तेव्हा आपली बाजू काही काळ चौघांची होते, एवढ्यावर भागत नाही. समोरची बाजू श्रीमंत होते. तो पुन्हा मेला की आणखी श्रीमंत. दहाव्या मिनिटाला समोरचा जो एकटा दोघांना लोळवू लागतो, त्याला ती ताकद आपल्याच माणसाने पुरवलेली असते. खेळाडू याला ‘फीड करणं’ म्हणतात. पुन्हा पुन्हा मरणाऱ्याच्या जिवाची किंमत हळूहळू उतरत जाते, एवढी दया खेळ बनवणाऱ्यांनी दाखवली आहे. सोबतचे चौघे तेवढीही दाखवत नाहीत.

चॅटच्या चौकटीत काय उमटतं हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: आधी नुसतं एक प्रश्नचिन्ह. मग तीन. मग ‘नूब’. मग ‘गेम अनइन्स्टॉल कर’. मग आमचा सपोर्ट बॉट आहे, त्याला रिपोर्ट करा, असं सगळ्यांना जाहीर आवाहन. त्यापुढचं दिवाळी अंकात छापण्याजोगं नसतं. त्यात आई येते, देश येतो, रोगांची नावं येतात. आणि हे सगळं ज्याच्यावर बरसत असतं, त्याला अजून नकाशावरचं जंगल कुठे संपतं आणि नदी कुठे लागते हेही नीट उमगलेलं नसतं.

एकमेकांविरुद्ध खेळताना शिवीगाळ होते, ते समजण्यासारखं आहे. पण ज्या खेळांचा पायाच सहकार्य आहे, त्यात आपल्याच बाजूच्या, तेही सगळ्यात दुबळ्या माणसावर लोक का तुटून पडतात?

आधी अनुभवी खेळाडूची बाजू ऐकू, कारण त्याची कैफियत खोटी नाही. दिवसभराचं काम संपवून तो रात्री दहाला संगणकासमोर बसतो. सामना अर्धा तास, कधी पाऊण तास चालतो. मधेच उठून गेलं तर खेळ शिक्षा करतो. हार मानायची तरी ठराविक वेळ थांबावं लागतं, आणि मग संघातल्या बहुतेकांनी तसं मत द्यावं लागतं. म्हणजे पाचव्या मिनिटाला सामना हातचा गेला, तरी पुढचा वेळ त्याला त्या अनोळखी माणसासोबत तिथेच काढावा लागतो, आणि शेवटी गुण कापले जातात ते त्याच्या नावावरचे. चूक एकाची, दंड पाचांना.

इव्हान स्टायनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1972 साली गटाने करायच्या कामांची एक वर्गवारी मांडली. काही कामांत सगळ्यांच्या कष्टांची बेरीज होते, काहींत सर्वात हुशार माणसाचं उत्तर साऱ्या गटाच्या कामी येतं, आणि काहींत सगळा गट सर्वात कच्च्या माणसापाशी अडतो. एका दोराला बांधलेली गिर्यारोहकांची तुकडी सर्वात हळू चालणाऱ्याच्या वेगानेच वर चढते. आजचे बहुतेक सांघिक ऑनलाइन खेळ या तिसऱ्या प्रकाराकडे झुकलेले आहेत. फरक इतकाच, की गिर्यारोहक दोर बांधण्याआधी एकमेकांना पारखून घेतात. इथे दोर यंत्र बांधतं.

हे यंत्र म्हणजे जोड्या लावणारी प्रणाली. तिचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बुद्धिबळपटूंसाठी मानांकनाची पद्धत बसवली. अमेरिकेच्या संघटनेने ती 1960 मध्ये आणि ‘फिडे’ या जागतिक संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. आपल्याकडेही एलो गुण म्हटलं की बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांचे कान टवकारतात. ऑनलाइन खेळांनी हेच गणित वाढवून संघांना लावलं. दोन्ही बाजूंची ताकद शक्यतो सारखी राहील असे दहा जण गोळा करायचे, हा हिशेब. प्रणाली नीट चालली तर प्रत्येकजण जवळपास निम्मे सामने हरतो. ही तिची चूक नाही, तिचं उद्दिष्टच आहे.

बुद्धिबळात हरलेला माणूस पटासमोर एकटा असतो. उंट कुठे चुकला हे त्याला स्वतःशीच कबूल करावं लागतं. पाच जणांच्या संघात मात्र प्रत्येकाच्या हाताशी चार कारणं तयार असतात, आणि त्यांतलं सर्वात ठळक कारण म्हणजे तो नवखा. माझ्या मते या सगळ्या उद्धटपणाची नाळ इथे आहे. नवख्याला शिव्या देणारा बहुतेक वेळा त्याच्या चुकीबद्दल बोलतच नसतो. ‘मी या पायरीवरचा नाही, या लोकांमुळे इथे अडकलो आहे’ हे तो स्वतःला आणि उरलेल्या तिघांना बजावत असतो.

हे निव्वळ तर्क नाहीत. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ 2009 साली आला, आणि तो बनवणाऱ्या रायट गेम्स या लॉस एंजेलिसच्या कंपनीला काही वर्षांतच कळून चुकलं की आपला खेळ जितका लोकप्रिय आहे तितकाच शिवराळपणासाठी बदनाम आहे. 2014 पर्यंत महिन्याला 6 कोटी 70 लाख लोक तो खेळत होते. एवढ्या लोकसंख्येला पोलीस कुठून आणणार? कंपनीने 2011 मध्ये खेळाडूंचंच न्यायमंडळ नेमलं. ‘ट्रायब्युनल’ नावाच्या या व्यवस्थेत तक्रार झालेल्या खेळाडूचं चॅट, त्याचे आकडे, सहकाऱ्यांच्या तक्रारी असं सगळं प्रकरण अनोळखी खेळाडूंपुढे ठेवलं जाई, आणि शिक्षा द्यावी की सोडावं यावर ते मत देत. अशी दहा कोटींहून अधिक मतं पडली. हे भांडार पुढे संशोधकांच्या हाती लागलं. हेवून क्वाक, जेरेमी ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी सुमारे 14 लाख 60 हजार आरोपींवरच्या एक कोटीहून अधिक तक्रारी धुंडाळून 2015 मध्ये निबंध लिहिला. माणसं परक्याला कसं बोलतात याचा एवढा मोठा लेखी पुरावा सहजी मिळत नाही.

रायटने मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या जेफ्री लिन यांना या कामावर बसवलं. सगळ्यांचा अंदाज होता, की मूठभर नासके लोक खेळ नासवतात; त्यांना हाकललं की झालं. आकड्यांनी वेगळंच सांगितलं. सतत विखारी वागणारे खेळाडू जेमतेम एक टक्का निघाले, आणि एकूण विखारात त्यांचा वाटा होता पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीचा बहुतेक सगळा मळ एरवी बऱ्या वागणाऱ्या, त्या दिवशी काहीतरी बिनसलेल्या साध्या माणसांचा होता. कुणाचं साहेबाशी वाजलेलं, कुणी सलग तीन सामने हरलेलं. असा माणूस चौथ्या सामन्यात येतो, आणि समोर सापडतो तो नवखा.

लिन यांच्या चमूने केलेले प्रयोग इतके साधे होते की हसू यावं. प्रतिपक्षाशी बोलण्याची चौकट पूर्वी आपोआप उघडी असे. त्यांनी ती बंद ठेवली, ज्याला हवी त्याने स्वतः उघडावी. वापर जवळपास तेवढाच राहिला, पण त्या चौकटीतलं वाईट बोलणं सुमारे 33 टक्क्यांनी घटलं आणि चांगलं बोलणं जवळपास 35 टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्या प्रयोगात सामना सुरू होण्याआधीच्या पडद्यावर छोट्या सूचना दाखवल्या. चुकलेल्या सहकाऱ्याला छळलं तर तो आणखी वाईट खेळतो, अशा आशयाची सूचना लाल रंगात दाखवल्यावर शिवराळ भाषेच्या तक्रारी सुमारे 11 टक्क्यांनी उतरल्या. आणि ज्याला शिक्षा झाली त्याला ‘तू हे हे लिहिलंस’ असं त्याचं स्वतःचं चॅट दाखवलं, तर तो बहुधा सुधारायचा. लिन यांनी 2015 मध्ये लिहिलं होतं, की एकदा शिक्षा झालेल्यांपैकी 91.6 टक्के लोक पुन्हा गुन्हा करत नाहीत. हे आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, तेव्हा जरा सावधपणेच घ्यावेत. तरी त्यातून एक गोष्ट दिसते: नवख्यावर खेकसणारा हा बव्हंशी तुमच्याआमच्यासारखा माणूस आहे, आणि आरसा दाखवला तर तो ओशाळतो.

याच कंपनीने नंतर आपल्या कर्मचाऱ्यांचंही चॅट तपासलं, ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रयोगांहून गमतीची वाटते. आधीच्या वर्षभरात ज्यांना कामावरून काढलं होतं, त्यांतले सुमारे पाव लोक खेळातही फारच विखारी वागत असल्याचं आढळलं. कर्मचाऱ्यांच्या दोषांत थेट शिवीगाळ विशेष नव्हती. होते ते टोमणे, आणि ‘मी कंपनीतला आहे’ असा रुबाब. साहेबी थाट खेळातही लपत नाही म्हणायचा.

खेळाडूंचं ते न्यायमंडळ मात्र 2014 मध्ये बंद झालं. ते फार संथ होतं; निकाल लागेपर्यंत आरोपी आपण काय बोललो ते विसरलेला असे.

नवख्याला कोण जास्त छळतं, याचा एक उलगडा ‘हेलो 3’ या नेमबाजीच्या खेळातून झाला. जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसे रोझ यांनी त्यात आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवली. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजापेक्षा तिप्पट वाईट शेरे मिळाले. 2015 मध्ये मायकेल कासुमोविच आणि कुझनेकॉफ यांनी तीच सामग्री पुन्हा चाळली, तेव्हा आणखी बोलकी गोष्ट निघाली. बाईशी सर्वात वाईट वागणारे पुरुष हे चांगले खेळाडू नव्हते. खराब खेळणारे होते. चांगले खेळणारे सहकारी बाईशी सौम्य वागत. आणि खराब खेळणारे हेच पुरुष, आवाज पुरुषाचा असला की नमून बोलत.

हा अभ्यास बाईच्या आवाजाचा होता, नवख्याचा नव्हे. दोन्ही एकच आहेत असं म्हणण्याचं कारण नाही. पण उतरंडीवर मधल्या नाहीतर खालच्या पायरीवर असलेल्या माणसाला आपल्या खाली कुणीतरी आहे याची खात्री सतत लागते, हे त्यातून दिसतं. महाविद्यालयाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या पोरांना जास्त कोण पिळायचं ते आठवा. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आपल्या नोकरीच्या चिंतेत असत. पिळणारे दुसऱ्या वर्षाचे.

बरं, हे पहिल्यापासून असंच होतं का? 1978 साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा नुसत्या अक्षरांचा खेळ बनवला. अनेकांनी एकाच काल्पनिक जगात वावरायच्या सुरुवातीच्या खेळांतला तो एक. बार्टल यांनी पुढे 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: काहींना मिळकत हवी असते, काहींना भटकंती, काहींना गप्पा, आणि काहींना दुसऱ्याला छळण्यात आनंद असतो. म्हणजे छळणारे तेव्हाही होतेच. फक्त वस्ती लहान होती. सगळे एकमेकांना नावाने ओळखत, आणि वाईट नाव झालं की ते पुसता येत नसे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 च्या नोव्हेंबरात आला तेव्हा त्याच्यातही पाच जणांची मोहीम जमवणं हे कष्टाचं काम होतं. शहराच्या चौकात उभं राहून ‘एक हीलर हवा’ (म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारा) अशी हाळी देत बसायचं, माणसं जमली की भुयाराच्या तोंडापर्यंत चालत जायचं, आणि मग लढाई. यात तास मोडायचा. पण जमलेली माणसं त्याच सर्व्हरवरची असत, उद्या पुन्हा चौकात भेटणार असत. कुणी नवख्याला मधेच टाकून पळाला तर त्याची बोंब चार गटांत व्हायची. 2009 च्या डिसेंबरात हा खेळ बनवणाऱ्या कंपनीने ‘डंजन फाइंडर’ आणला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच परके एकत्र येतील, थेट भुयारात उतरतील, वीस मिनिटांत काम उरकून पांगतील. सोय मोठीच झाली, यात शंका नाही. ज्याला संध्याकाळी एकच तास मोकळा मिळतो त्याला चौकात ओरडत बसायला कसं परवडेल? पण त्या दिवसापासून उद्धटपणा स्वस्त झाला. बोललेलं परत कुणाच्या कानावर येणार नव्हतं. नवखा ‘टँक’, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा गडी, वाट चुकला की त्याला समजावण्यात दोन मिनिटं घालवायची, की मत टाकून हाकलायचं आणि दुसरा मागवायचा? हाकलणं सोपं. अंगावरच्या शस्त्रसामग्रीवरून माणसाची किंमत एका आकड्यात सांगणारी ‘गिअरस्कोअर’ नावाची जोडसुविधा त्याच काळात बोकाळली, आणि आकडा कमी दिसला की दारातूनच परत पाठवणं सुरू झालं.

आपल्याकडे गल्लीतल्या पोरांनी या प्रश्नाचं उत्तर केव्हाच काढून ठेवलेलं आहे. लपाछपी असो, डब्बा ऐसपैस असो, धाकट्या भावंडाला सोबत घ्यावंच लागतं, नाहीतर आई कुणालाच सोडत नाही. मग ते ‘लिंबूटिंबू’ होतं. ते खेळतं, धावतं, ओरडतं. पण बाद झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याच्यामुळे कुणी हरत नाही. या व्यवस्थेत मोठी पोरं काही संत नसतात. धाकट्याच्या चुकीची किंमत त्यांना मोजावी लागत नाही, म्हणून ती त्याच्याशी बरी वागतात.

ऑनलाइन खेळांत या लिंबूटिंबूच्या सर्वात जवळ कुणी पोचलं असेल तर ते ‘फायनल फँटसी 14’चे जपानी कर्ते. हा खेळ 2010 मध्ये सपशेल आपटला होता. नाओकी योशिदा यांच्या हाताखाली तो नव्याने बांधून 2013 च्या ऑगस्टात पुन्हा आणला गेला. यात नव्या खेळाडूच्या नावापुढे हिरव्या कोंबाचं चिन्ह असतं. आठ जणांच्या तुकडीत कोंब दिसला की सगळ्यांना आधीच कळतं, याला वाट ठाऊक नसणार. पण खरी मेख पुढे आहे. मोहिमेत कुणी पहिल्यांदाच उतरलेला असेल तर पडद्यावर तशी सूचना येते, आणि काम फत्ते झाल्यावर सगळ्यांना जादा मोबदला मिळतो. शिवाय जुन्या खेळाडूंनी रोज कुठल्याही, कितीही खालच्या पातळीच्या मोहिमेत जायची तयारी दाखवली तर वेगळं बक्षीस. त्यासाठी त्यांची ताकद तेवढ्यापुरती खाली आणली जाते. मोहीम संपल्यावर प्रत्येकाने एका सहकाऱ्याला शाबासकी द्यायची, तीही सोबत आलेल्या मित्राला देता येत नाही.

परिणाम असा की, तिथे नवखा दिसला की लोक खूश होतात. त्याची चूक म्हणजे पाचदहा मिनिटांचा उशीर, पण त्याचं असणं म्हणजे कमाई. इतर खेळ सोडून आलेली माणसं तिथल्या गोड वागण्याचं आश्चर्य करतात, आणि तिथले लोक स्वभावानेच चांगले असतील असं म्हणतात. असतीलही. पण मला त्या जादा मोबदल्याचा हिशेब अधिक पटतो. 2021 च्या डिसेंबरात तिथे इतकी गर्दी झाली की कंपनीला काही आठवडे खेळाची विक्रीच थांबवावी लागली.

मोबदल्याने सगळंच साधतं असं मात्र नाही, आणि याची साक्षही हाच खेळ देतो. जुन्या जाणत्यांना नवख्यांचे ‘मेंटॉर’ होता येतं. डोक्याशेजारी मुकुटाचं चिन्ह मिळतं. मेंटॉरांसाठीच्या खास यादीतून दोन हजार मोहिमा पुऱ्या केल्या तर एक दुर्मीळ घोडा बक्षीस आहे. झालं! घोड्यासाठी मुकुट घालणाऱ्यांची रांग लागली. ज्यांना शिकवायची मुळीच हौस नाही असे लोक दोन हजारांचा कोटा भरताना प्रत्येक नवख्यावर करवादू लागले, आणि मुकुटवाला दिसला की नवीन माणसाने सांभाळून राहावं, असा विनोद त्या जगात रूढ झाला. नवख्याच्या सोबतीचं बक्षीस वेगळं आणि नवख्यांच्या मोजदादीचं वेगळं, हे तिथे चांगलंच दिसलं. आपल्या शाळांतल्या सक्तीच्या प्रशिक्षणांची आठवण ज्यांना येईल त्यांना ती येऊ द्यावी.

जेनोवा चेन आणि त्यांच्या ‘दॅटगेमकंपनी’चा ‘जर्नी’ हा 2012 सालचा खेळ अगदी दुसऱ्या टोकाचा. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालायचं, एवढीच गोष्ट. वाटेत एक अनोळखी प्रवासी भेटतो. तो खराखुरा माणूस असतो, पण त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. एक सूर तेवढा काढता येतो. चेन यांनी सांगितलं आहे, की सुरुवातीच्या आवृत्तीत दोन प्रवासी एकमेकांना ढकलू शकत होते. मदत व्हावी म्हणून ती सोय होती. चाचणीत लोकांनी काय केलं? एकमेकांना खड्ड्यात ढकललं, आणि हसले. चेन यांनी बालमानसतज्ज्ञाला विचारलं, तेव्हा कळलं की यात दुष्टावा नसतो. नव्या जगात आलेला माणूस तान्ह्या मुलासारखा वागतो, ज्या कृतीने सर्वात मोठा परिणाम होतो ती पुन्हा पुन्हा करतो. मग ढकलणं काढून टाकलं. त्याऐवजी दोघं एकमेकांजवळ आले की दोघांच्या उपरण्यात उडण्याची शक्ती भरते, असं केलं. तीच माणसं एकमेकांना चिकटून चालू लागली. सगळी गुपितं शोधून पांढरा झगा मिळवलेले जुने प्रवासी लाल झग्यातल्या नवख्याला वाटा दाखवत हिंडतात, आणि तो नवखा कोण होता हे खेळ संपल्यावर नावांच्या यादीतच कळतं.

डेन्मार्कच्या ‘घोस्ट शिप गेम्स’चा ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ हा 2020 मध्ये पूर्ण झालेला खेळ याहून रांगडा आहे. चार बुटके खाणकामगार, परग्रहावरच्या गुहा, अंगावर येणारे किडे आणि काम संपल्यावर बिअर. पण कुणीही खणलेलं सोनं चौघांच्या खात्यावर सारखंच जमा होतं. किडे कुणी किती मारले यावरून पगार ठरत नाही. आणि एक बटण असं आहे की जे दाबलं की कुदळ उंचावून आरोळी ठोकता येते, याचा लढाईला काडीचाही उपयोग नाही. भाषा न येणारा नवखाही ती आरोळी ठोकतो, आणि तिघं प्रत्युत्तर देतात. तिथे नवख्याला हिरव्या दाढीवाला म्हणतात; त्यात चिडवणं आहे, तुच्छता फारशी नाही.

स्पर्धेच्या खेळांना हे मार्ग मोकळे नाहीत. हारजीत आणि मानांकन काढून घेतलं तर त्यांत उरतं काय? म्हणून तिथे मुख्य इलाज दोनच: गप्प करणं आणि हाकलणं. रायटने 2021 च्या ऑक्टोबरात प्रतिपक्षाशी होणारं चॅट बंदच केलं. ‘एपेक्स लेजेंड्स’ने 2019 मध्ये बोटाने खूण करण्याची इतकी चांगली सोय दिली, की माईकशिवाय ‘इथे शत्रू’, ‘इथे बंदूक’, ‘तिकडे जाऊ’ सगळं सांगता येतं. शिवी मात्र खुणेने देता येत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने 2023 मध्ये बोलणं ऐकून विखार टिपणारी यंत्रणा बसवली, सुरुवातीला इंग्रजीपुरती. ‘डोटा 2’च्या कंपनीने त्याच वर्षी वेगळ्याच गुन्हेगारांवर हात टाकला. मुरलेले खेळाडू खोट्या नव्या नावाने खालच्या पायरीवर उतरतात आणि नवख्यांना झोडपून काढतात. सप्टेंबरात अशी 90 हजार खाती बंद झाली. डिसेंबरच्या सणात खेळाडूंना भेटी वाटल्या गेल्या, तेव्हा अशांना सुबक वेष्टनातली भेट आली. उघडली तर आत कोळशाचा खडा, आणि तुमचं खातं बंद झालं आहे असा मजकूर. नाताळात वाईट वागणाऱ्या मुलांना कोळसा मिळतो, ही तिकडची समजूत. कंपन्यांना विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं!

गप्प करण्याचा तोटाही आहे. नव्या माणसाला ‘लीग’मध्ये शिरताना पहिला सल्ला मिळतो तो सगळ्यांना म्यूट करण्याचा. सल्ला योग्य आहे. पण त्या पाचांत एखादा ‘थांब, मला येऊ दे, मग दोघं मिळून जाऊ’ म्हणणाराही असतो, आणि तोही त्यात बुजतो. अमेरिकेतल्या ‘अँटी-डेफमेशन लीग’ने 2019 मध्ये प्रौढ खेळाडूंची पाहणी केली, त्यात 74 टक्क्यांनी छळ सोसल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत 88 टक्के लोकांनी ऑनलाइन खेळांत मैत्री, मदत, आपलेपणा मिळाल्याचंही सांगितलं होतं. शिव्याही त्याच माईकमधून येतात आणि मैत्रीही.

आपल्याकडे हा माईक फार मोठ्या प्रमाणावर उघडला तो मोबाइलमुळे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला; 2018 च्या मार्चमध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. संगणक विकत घेणं ज्या घरांत कधी शक्य नव्हतं तिथली पोरंही चौघांच्या ‘स्क्वॉड’मध्ये पॅराशूट घेऊन उतरू लागली. 2020 च्या 2 सप्टेंबरला त्यावर बंदी आली, 2021 च्या जुलैत तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने परतला, वर्षभराने पुन्हा दुकानांतून गायब झाला आणि 2023 च्या मेमध्ये पुन्हा आला. एवढ्या उठाबशा काढूनही वस्ती काही हटली नाही.

या खेळात नवख्याची फसगत जरा वेगळ्या तऱ्हेने होते. सुरुवातीच्या सामन्यांत शंभरांतले बरेचसे शत्रू माणसं नसून संगणकाने चालवलेले बॉट असतात. ते नेम चुकवतात, उघड्यावर उभे राहतात. पोरगं आठदहा जणांना लोळवतं, ‘चिकन डिनर’ खातं, म्हणजे सामना जिंकतं, आणि स्वतःला तीसमारखान समजू लागतं. वरच्या पायरीवर खरी माणसं भेटू लागतात, आणि मग माईकवर हिंदी, पंजाबी, मराठी मिसळलेला मारा सुरू होतो: नूब है क्या, लूटच करत बसलास, रिव्हाइव्ह दे ना, अरे स्मोक टाक, गेला बघ नल्ला. नॉक झालेल्या, म्हणजे गोळी लागून पडलेल्या पण अजून न मेलेल्या माणसाकडे शिव्या द्यायला भरपूर वेळ असतो, कारण रांगत पडून राहण्यापलीकडे त्याला दुसरा उद्योग नसतो. पोराचा आवाज फुटलेला नसेल तर आधी त्याची नक्कल होते. मुलगी असेल तर ती माईक उघडतच नाही, किंवा ओळखीच्या चौघांशिवाय उतरत नाही. ‘हेलो 3’च्या अभ्यासकांना आमच्याकडे वेगळं काही सापडलं नसतं.

यात एक खास आपला घोटाळा आहे. पाश्चात्त्य खेळांत मुरलेले लोक खोटं नाव घेऊन खाली उतरतात. आपल्या घरांत नवखेच खऱ्या नावाने वर चढतात. फोन एक आणि भावंडं तीन. आयडी दादाची, कष्टाने ‘एस’ या वरच्या पायरीपर्यंत चढवलेली. दादा जेवायला बसला की धाकटा फोन उचलतो आणि ‘क्लासिक’ सामना लावतो. प्रणालीला अंगठे कुणाचे आहेत ते कळत नाही; ती त्याला दादाच्या तोलामोलाच्या तिघांसोबत टाकते. दुसऱ्या मिनिटाला माईकवर विचारणा होते, ही आयडी कुणाची आहे? धाकटा प्रामाणिक असतो. दादाची, तो जेवतोय, असं सांगतो. कधी तिघं हसतात आणि त्याला गाडीत मागे बसवून झोनभर फिरवतात, कधी वाटेत उतरवून निघून जातात. शिव्या देणाऱ्याला रिपोर्ट करता येतं, म्यूट करता येतं. पण नंतर हात धुऊन आलेला दादा घसरलेली रँक पाहून जे बोलतो, त्यावर अजून कुठल्याही कंपनीने बटण काढलेलं नाही.